मॅटॅडोरचं डावं दार

नागपूर
६ एप्रिल २०२५, रविवार

चि. मयुरा,
सप्रेम जय भीम.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी निघताना तू म्हणालीस, ‘काका, भिलाईला पोचले की फोन करते.’ करू नकोस. ऑपरेशननंतर माझ्या घशातून जे निघतं त्याला कोणी आवाज म्हणत नाही. समोरचा चारदा ‘हॅलो’ म्हणतो आणि ठेवून देतो. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा हा धम्मानंद आता शेजारच्या खोलीतसुद्धा पोचत नाही. म्हणून कागद. तुझ्या बाबांनी टपाल खात्यात चौतीस वर्षं लोकांची पत्रं लावली. त्यांच्याबद्दल लिहायचं तर पत्रातच लिहावं.

आज आमच्या जुन्या व्हॅनवाल्यांच्या मंडळाचा रविवार होता. फुटाळा तलावावर सात गाड्या लागल्या. तर्री-पोहे आले. आनंदरावची जागा आम्ही रिकामी ठेवली होती. एक चकचकीत गाडी तिथे शिरायला लागली, तर आपले कळमेश्वरचे रुपराव हात आडवा करून म्हणाले, ‘तिथं नका लावू भाऊ, तिथं आमचा माणूस उभा आहे.’ त्या माणसाने रिकाम्या जागेकडे पाहिलं, रुपरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी मागे घेतली.

मयुरा, चौऱ्याऐंशी साली तुझ्या बाबांनी ती जुनी मॅटॅडोर घेतली तेव्हा लोक हसले होते. टपाल खात्यातला माणूस मॅटॅडोर घेऊन करणार काय? त्याने तिच्यात पुस्तकं भरली. दर रविवारी एक गाव. मागची दोन्ही दारं उघडायची, मी पायरीवर उभा राहून बोलायचो, तो पुस्तकं विकायचा. लोक म्हणायचे, धम्मानंदच्या भाषणाने माणूस पेटतो. पेटलेल्या माणसाच्या हातात काय द्यायचं, ते मात्र आनंदरावला ठाऊक होतं. मी गेल्यावर त्या गावात माझा एक शब्द उरला नसेल. त्याची पुस्तकं उरली आहेत.

गाडीची काळजी करू नकोस. बेसा रोडवर ऋषीच्या गॅरेजमध्ये आहे. आपल्या प्रशिकच्या वर्गातला ऋषी. आता शहरात त्याच्यासारखा पत्रा सरळ करणारा डेंटर नाही.

कांतावहिनींना जय भीम सांग.

तुझा,
धम्मानंदकाका


भिलाई
२० एप्रिल २०२५

आदरणीय धम्मानंदकाका,
जय भीम.

पत्र मिळालं. शाळेच्या परीक्षा संपल्या, म्हणून आज लिहिते आहे.

तुम्ही बाबांबद्दल चांगलं लिहिलंत. तुम्हाला चांगलं बोलता येतं हे मला लहानपणापासून माहीत आहे, कारण आमचे सगळे रविवार त्यातच गेले. इतर मुली बापाच्या हाताला धरून सीताबर्डीला फ्रॉक घ्यायला जायच्या. माझा बाप कुठल्यातरी गावच्या चावडीसमोर तुमचं भाषण संपायची वाट पाहत उभा असायचा. माझा भाऊ प्रशिक गेला त्या वर्षीसुद्धा. जूनमध्ये तो गेला आणि दसऱ्याला बाबा दीक्षाभूमीवर गाडी लावून पुस्तकं विकत होते. मी बारा वर्षांची होते. मी ते विसरलेले नाही.

गाडी तुम्हीच ठेवा, कोणाला द्या किंवा मोडीत काढा. आमच्या घरापुढे ती उभी करायला जागा नाही आणि खरं सांगायचं तर माझी इच्छाही नाही.

आई ठीक आहे. काचबिंदूमुळे तिला आता सावल्यांपलीकडे दिसत नाही. रोज एकदा विचारते, ‘मॅटॅडोरचं दार लावलं का वं?’ मी ‘हो’ म्हणते.

आपली,
मयुरा


नागपूर
११ मे २०२५

चि. मयुरा,
जय भीम.

मोडीत? ती गाडी मोडीत काढणार नाही. तू रागावलीस तरी नाही.

या देशात आता सगळ्या जुन्या गोष्टींवर एकच फर्मान निघतं आहे: मोड आणि नवं घे. जुनी गाडी मोड, जुनं घर मोड, जुना कामगार घरी पाठव. पण मला सांग, ज्या गावात वाचनालय नव्हतं, ज्या वस्तीत सरकारी गाडी यायची ती फक्त मतं मागायला, तिथे पहिल्यांदा पुस्तक घेऊन कोण गेलं? ही मॅटॅडोर गेली. भिवापूरच्या पलीकडे चिखलात ती रुतली, तेव्हा सगळ्या वस्तीने तिला ढकललं. ढकलणारी एक पोरगी आज तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. अशी गाडी लोखंडाच्या भावात घालायची नसते.

तुझा राग मात्र खोटा नाही. तुझे रविवार आम्ही घेतले. त्याबद्दल मी भाषण करणार नाही. मान्य करतो.

एक सांगतो. आमच्या मंडळाचा एक रिवाज आहे. तो आत्ता उघड करत नाही. तू दसऱ्याला ये. पाहशील आणि मग बोल.

तुझा,
धम्मानंदकाका


भिलाई
२९ जून २०२५

आदरणीय काका,
जय भीम.

मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, क्षमा करा. आज घाईने लिहिते आहे, कारण गोष्ट महत्त्वाची आहे.

गेल्या आठवड्यात आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून चौकटीवरून बोटं फिरवत होती. खालून वर, वरून खाली. मी विचारलं, ‘काय शोधून राहिली वं?’ ती म्हणाली, ‘इथं नाही वं तो. मॅटॅडोरच्या दाराले आहे.’

तेव्हा मला आठवलं. इतकी वर्षं आठवलं कसं नाही, कळत नाही. दर दसऱ्याला, पुस्तकं मांडायच्या आधी, बाबा आम्हाला गाडीत चढवून मागची दारं लावून घ्यायचे. मी उजव्या दाराला पाठ लावून, प्रशिक डाव्या. डोक्यावर तो जाड शब्दकोश आडवा ठेवायचे आणि त्याच्या खाली दाराच्या आतल्या पत्र्यावर खिळ्याने रेघ ओढायचे. प्रशिक चवड्यांवर उभा राहायचा. बाबा म्हणायचे, ‘टाचा टेक गा, शब्दकोशाले फसवू नको.’ त्याच्या सहा रेघा आहेत. तीन वर्षांचा होता तेव्हापासून आठचा होईपर्यंत.

काका, आमच्याकडे प्रशिकचे दोनच फोटो आहेत आणि आईला आता फोटो दिसत नाहीत. बोटांनी कळेल असं त्याचं जगात एकच काही उरलं आहे, ते म्हणजे ते दार.

बाकी गाडीचं तुम्ही काहीही करा. फक्त मागचं डावं दार काढून आम्हाला ट्रान्सपोर्टने पाठवा. ते कोणी धुऊ नये, घासू नये. गंजलेलं असेल तरी तसंच.

आपली,
मयुरा


नागपूर
९ जुलै २०२५

चि. मयुरा,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. सध्या पावसामुळे ट्रान्सपोर्टचं काही खरं नाही. दार गाडीलाच आहे. काळजी नसावी. वहिनींच्या डोळ्यांना जपा.

धम्मानंदकाका


भिलाई
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय काका,
जय भीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही आभार मानायला उभे राहिलात तरी वीस मिनिटं घ्यायचात. आणि माझ्या भावाच्या दाराबद्दल विचारलं तर एवढ्याच ओळी?

‘दार गाडीलाच आहे’ असं लिहिलंत. रेघा दारावर आहेत का, ते लिहिलं नाहीत.

मी आईला सांगून बसले आहे की दार येतंय. ती रोज व्हरांड्यातली भिंत मोकळी करून ठेवते, चपला उचलते, पिंकीची सायकल बाजूला घ्यायला लावते. ही माझी आठ वर्षांची मुलगी मला विचारते, ‘मम्मी, दार आलं की त्याच्यातून कुठे जायचं?’

खरं काय ते लिहा.

मयुरा


नागपूर
१७ ऑगस्ट २०२५

चि. मयुरा,

खरं लिहितो.

मंडळाचा रिवाज मी तुला सांगितला नव्हता. आमच्यातला कोणी गेला की बाकीचे मिळून त्याची गाडी, कंपनीतून बाहेर पडली त्या दिवशी होती तशी करतात. तोच रंग, तीच काच, तोच पत्रा. मग घरच्यांच्या हाती चावी देतात. आम्हाला यापरता मोठा मान माहीत नाही. एकेका नट-बोल्टसाठी आम्ही हैदराबादपर्यंत जातो. आनंदरावच्या गाडीला तर आम्ही सगळे जीव ओतून लागलो होतो. मूळ फिकट निळा रंग मिळेना, तो रुपरावांनी इंदूरहून आणला.

तुझं पत्र तीन जुलैला आलं. दारांना पुट्टी भरून, घासून, रंग मारून झाला होता अठ्ठावीस जूनला. तू पत्र लिहिलंस त्याच्या आदल्या दिवशी.

दोन्ही दारं आरशासारखी गुळगुळीत आहेत. एकही रेघ नाही.

हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. मी लिहिलं, ‘काळजी नसावी’. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, सत्याला घाबरू नका, आणि चार ओळींच्या पत्रात लपून बसलो.

तू विचारशील, तुम्ही चाळीस वर्षं त्या दारापाशी उभे होतात, तुम्हाला दिसलं नाही? नाही दिसलं. बोलताना मी उजव्या हाताने तेच दार धरायचो. माझं तोंड नेहमी लोकांकडे आणि पाठ गाडीकडे. तळहाताला काहीतरी खरखरीत लागायचं. मी कधी मान वळवली नाही.

आता पुढचं वाच. हे मलाही त्या दिवशीच कळलं.

तुझं पत्र घेऊन मी ऋषीच्या गॅरेजवर गेलो. बोलणं जमेना म्हणून पत्रच त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं आणि तो तिथेच जॅकवर बसला. म्हणाला, ‘काका, सहा नाही, बारा रेघा होत्या. वरच्या माह्या होत्या.’

मी खुणेनेच विचारलं, तुझ्या कशा?

तो म्हणाला, ‘प्रशिक गेला त्या दसऱ्याले आनंदकाकांनी मले गाडीत बोलावलं. म्हणाले, ये गा, तुही उंची मोजू. डोक्यावर पुस्तक ठेवलं, रेघ ओढली. मंग दर साली. आम्ही दोघं एकाच मापाचे होतो ना. शाळेत त्याची चड्डी मी घातली तरी कोणाले कळे ना. मले वाटे, काकांले माहा लळा आहे. चौदाचा झालो तवा छताले डोस्कं लागलं. काका म्हणाले, बस, आता मोठा झालास. त्या दिवशी ते पुस्तकाच्या गठ्ठ्यावर बसून राहिले. मले काहून ते समजलं नाही.’

मग म्हणाला, ‘दार घासाले घेतलं तवा रेघा दिसल्या. मले लाज वाटली. म्हटलं, दुसऱ्याच्या गाडीवर माह्या खुणा कशाले? कोणाले न विचारता मीच भरून टाकल्या.’

मयुरा, तू लिहिलं होतंस की तो गेला त्या वर्षीसुद्धा तुझे बाबा दसऱ्याला पुस्तकं विकत होते. विकत होते. पण त्याआधी दारं लावून, सहा वर्षं, ते आपल्या मुलाला वाढवत होते. शेजारी मी उभा होतो आणि मला त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी बोलत होतो.

क्षमा मागतो. ती देण्याची सक्ती तुझ्यावर नाही.

धम्मानंद


भिलाई
७ सप्टेंबर २०२५

काका,

पत्र वाचून दोन दिवस मी शाळेत शिकवायला गेले नाही.

मला तुमचा राग येतो. तुम्ही सगळे मिळून माणूस पुसला आणि त्याची गाडी नवी केली. त्यालाच मान म्हणता. कंपनीतून निघाली त्या दिवशी त्या गाडीत माझे बाबा नव्हते, प्रशिक नव्हता, तुम्हीही नव्हता. मग ती तशी कशाला करायची?

आणि बाबांचाही राग येतो. मी घरात होते. मला का सांगितलं नाही? अठ्ठावीस वर्षं मी त्यांना दगड समजत होते. त्यांनी समजू दिलं.

आईला वाचून दाखवलं. वाटलं होतं, रडेल. ती म्हणाली, ‘ऋषीले मोजत होते ते मले ठाऊक होतं. मीच पाठवे त्याले, नवा शर्ट घालून.’ मग म्हणाली, ‘मले घेऊन चाल दसऱ्याले.’

मी येणार नाही. माझ्याने ते गुळगुळीत दार पाहवणार नाही. जितेंद्र आईला घेऊन येतील. जावयासमोर ती फार बोलणार नाही, तेव्हा तिला सांभाळा. गाडीची पायरी उंच आहे.

मयुरा


नागपूर
५ ऑक्टोबर २०२५

चि. मयुरा,
जय भीम.

वहिनी सुखरूप पोचल्या असतील. जितेंद्ररावांनी तुला सांगितलं असेल, पण ते बराच वेळ बाहेर उभे होते. आत काय झालं ते मी सांगतो.

दीक्षाभूमीच्या मागच्या गल्लीत, नेहमीच्या जागी आम्ही गाडी लावली होती. मंडळातले सगळे जण एका रांगेत उभे, चूक केलेल्या पोरांसारखे. वहिनींनी गाडीवरून हात फिरवला. बॉनेट, आरसा, मागचं दार. मग विचारलं, ‘कोणाची गाडी आहे गा ही?’

माझ्याकडे आवाज नव्हता. त्या क्षणी तो असता तरी उपयोग नव्हता.

शेवटी ऋषी पुढे झाला. ‘काकू, मी ऋषी. मीच रंगवली.’ वहिनींनी त्याचा चेहरा चाचपला. त्याच्या गालावर पुट्टीची पूड होती, सकाळी कुठल्या गाडीचं काम करून तसाच आला होता. त्या म्हणाल्या, ‘वर चढव मले.’

आम्ही दोघांनी त्यांना आत घेतलं, दारं ओढून घेतली. बाहेर एवढा जनसागर, पण आत सगळं दबून गेलं. वहिनींनी डाव्या दाराला खांदा लावला. मग स्वतःच्या छातीपाशी उजवा तळहात आडवा धरला, जसा आपण लेकराच्या डोक्यावर ठेवतो, आणि तो तसाच सरकवत दाराला टेकवला.

‘इथं,’ म्हणाल्या. ‘इथं लागे त्याचं डोस्कं मले. शेवटच्या दसऱ्याले.’

ऋषीने बोट ठेवलं. वहिनी म्हणाल्या, ‘नाही. मी वाकली आता. दोन बोटं वर घे.’

ऋषीने दोन बोटं वर घेतलं. त्याने खाली पाहून विचारलं, ‘पेन आहे का कोणाजवळ?’ दाराच्या फटीतून रुपरावांचा हात आत आला. हे रुपराव, ज्यांच्या गाडीला कोणी नख लावलं तर दिवसभर रुमालाने पुसत बसतात, ज्यांनी तो निळा रंग इंदूरहून मांडीवर ठेवून आणला, त्यांच्या हातात खिळा होता. ‘पेनानं काय होते? घे. ओढ,’ म्हणाले.

नव्या रंगावर रेघ ओढली की आवाज होतो. मी तो कधी विसरणार नाही.

वहिनींनी रेघेवरून बोट फिरवलं. दोनदा. मग म्हणाल्या, ‘आता तू राह्य उभा.’ ऋषी सदतीस वर्षांचा बाप्या, छताखाली मान वाकवून उभा राहिला. वहिनींनी हात वर नेला. तो त्याच्या केसांना लागला आणि तिथून छताला. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

‘हा तं मोठा झाला,’ म्हणाल्या.

मयुरा, दरवर्षी दसऱ्याला लोक माझं भाषण ऐकायला त्या पायरीपाशी जमतात. यंदाही काही जुनी माणसं आली होती. मी पायरीवर चढलो, पण लोकांकडे पाठ करून. दाराकडे पाहत उभा राहिलो. मग खाली उतरून आनंदरावच्या जागेवर बसलो आणि संध्याकाळपर्यंत पुस्तकं विकली. एका मुलीने विचारलं, ‘आजोबा, पहिलं कोणतं वाचू?’ मी बोटाने दाखवलं. तेवढं पुरलं.

मंडळाचा रिवाज आम्ही त्याच दिवशी बदलला. आता कोणी गेला तर इंजिन करू, ब्रेक करू, टायर घालू. पत्र्याला हात लावायच्या आधी घरच्यांना विचारू.

चावी माझ्याकडे आहे. दार काढून पाठवू का? की गाडीलाच राहू द्यावं? तू सांगशील तसं.

तुझा,
धम्मानंदकाका


भिलाई
१९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय धम्मानंदकाका,
सप्रेम जय भीम.

दार काढू नका. आई परत आल्यापासून ते लावलं की नाही, हे तिने विचारलेलं नाही. आता विचारते, ‘पुढचा दसरा कधी आहे वं?’

मी अजून सगळं माफ केलेलं नाही. तुम्हालाही नाही आणि बाबांनाही नाही. पण मी येईन. तुम्ही विकत असाल तर लहानपणी दसऱ्याला मी बाबांच्या शेजारी बसायचे तशी तुमच्या शेजारी बसेन.

पाकिटात एक दोरा आहे, तो टाकून देऊ नका. काल पिंकीला घराच्या दाराला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर तिचं विज्ञानाचं पुस्तक आडवं ठेवलं आणि जमिनीपासून तिथपर्यंत दोरा धरून गाठ मारली. चवड्यांवर उभी राहत होती, टाचा टेकायला लावल्या. दोऱ्याचं मोकळं टोक गाडीच्या तळाशी धरायचं. गाठ येईल तिथे ती.

ऋषीला सांगा, रेघ उजव्या दारावर, माझ्या जागी. आणि खोल ओढ म्हणावं. आईच्या बोटाला लागली पाहिजे.

आपली,
मयुरा